जामीनदार कोठून आणायचा?

ब्रिटिश पार्लमेंटने मंजूर केलेल्या भाडेकरू हक्क कायद्याला २७ ऑक्टोबर २०२५ रोजी राजसंमती मिळाली. कोणतेही कारण न देता, केवळ दोन महिन्यांच्या नोटिशीवर भाडेकरूस घराबाहेर काढण्याची जी मुभा इंग्लंडमधील खासगी घरमालकांना थॅचरबाईंच्या सरकारने १९८८ च्या गृहनिर्माण कायद्याच्या एकविसाव्या कलमान्वये दिली होती, ती या नव्या कायद्याने काढून घेतली. भाडेकरारासंबंधीच्या मुख्य तरतुदींच्या अंमलासाठी १ मे २०२६ ही तारीख मुक्रर झाली. कामगार दिनाचा मुहूर्त मजूर पक्षाने जाणीवपूर्वक साधला असेल असे मानण्याइतके त्या पक्षाचे अलीकडचे वर्तन आशादायक नाही. पण योगायोग म्हणून तो बोलका आहे खरा. साडेतीन दशके घरमालकाच्या मर्जीवर राहिलेल्या तेथील भाडेकरूला आता निदान पायाखालची जमीन तरी मिळाली. या यशाचे श्रेय पार्लमेंटमधील भाषणांपेक्षा गेल्या दहा-बारा वर्षांत शहराशहरांत उभ्या राहिलेल्या भाडेकरू संघटनांना अधिक आहे, हे प्रथमच नमूद केले पाहिजे.

लंडन किंवा लेस्टरमधील भाडेकरूच्या कायद्याशी सांगली, लातूर वा सिंधुदुर्गातील कार्यकर्त्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो दिवसेंदिवस दाट होत आहे. विलायतेस जाणे ही एके काळी पेठेतल्या डॉक्टर-बॅरिस्टरांच्या मुलांची मिरास होती. आज तेथे जाणाऱ्यांत जिरायती शेतकऱ्याची मुलगी आहे, एस. टी. कर्मचाऱ्याचा मुलगा आहे, जिल्हा रुग्णालयात शिकून तेथील इस्पितळात कामाला गेलेली परिचारिका आहे, वृद्धांची सेवा करण्यासाठी नेलेला आणि प्रत्यक्षात दलालाच्या कर्जात बुडालेला तरुण आहे. यांच्यापैकी अनेकांच्या मागे शेतावरचा बोजा, पतपेढीचे कर्ज किंवा आईचे दागिने उभे असतात. विद्यापीठाची फी आणि विमानाचे तिकीट यांचा हिशेब घरी बसून झालेला असतो. डोक्यावरच्या पहिल्या छपराचा हिशेब मात्र बहुधा कोणीच केलेला नसतो. आणि परक्या मुलखातले त्याचे खरे राजकीय शिक्षण नेमके तेथूनच सुरू होते.

हे शिक्षण कसे होते ते पाहण्यासारखे आहे. विद्यार्थ्याला व्हिसासाठी नऊ महिन्यांपर्यंतच्या निर्वाहखर्चाची रक्कम सलग अठ्ठावीस दिवस बँकेत ठेवून दाखवावी लागते. म्हणजे पैसा आहे, हे तेथील सरकारने आधीच तपासून घेतलेले असते. तरीही तो खोली पाहण्यास गेला की दलाल विचारतो, मागच्या घरमालकाचे पत्र कोठे आहे? मागचा घरमालक असतो गावचा बाप, नाही तर वसतिगृहाचा रेक्टर. दलाल पुढे विचारतो, या देशात उधारी फेडल्याची नोंद आहे काय? पाय ठेवून आठवडा न झालेल्या माणसाची उधारीची नोंद कोठून असणार! मग पगाराचा दाखला. तेथील रूढ प्रथा अशी की भाडेकरूचे वार्षिक उत्पन्न मासिक भाड्याच्या साधारण तीसपट असावे. तेही नसेल तर जामीनदार आणा. आणि हा जामीनदार त्याच देशात राहणारा, तेथेच कमावणारा, शक्यतो स्वतःचे घर असलेला हवा. बँकेत खाते उघडायचे तर राहत्या घराचा पत्ता लागतो, आणि घर मिळवायचे तर बँकेचे खाते उपयोगी पडते. आपल्याकडच्या तहसील कचेरीत दाखल्यासाठी खेटे घातलेल्या माणसाला हे चक्र परके वाटू नये. फरक एवढाच की तेथे ते नम्र भाषेत फिरते आणि प्रत्येक नकारापूर्वी दिलगिरी व्यक्त केली जाते.

या चक्रातून सुटण्याचा एकच मार्ग आजवर नवागतास मोकळा होता: सहा महिन्यांचे, कधी वर्षाचे भाडे एकरकमी आगाऊ मोजणे. ज्याच्या बापाकडे पैसा होता तो मोजत असे. ज्याच्याकडे नव्हता तो कर्ज काढून मोजत असे, किंवा चौघांच्या खोलीत सातवा म्हणून शिरत असे. नव्या कायद्याने एक महिन्यापेक्षा अधिक भाडे आगाऊ मागण्यास व स्वीकारण्यास मनाई केली आहे. त्याचबरोबर जाहीर केलेल्या भाड्यापेक्षा चढी बोली मागण्यासही बंदी आहे. दोन्ही तरतुदी तत्त्वतः स्वागतार्ह होत. अनामत रक्कम पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक नसावी आणि दलालाने भाडेकरूकडून कागदपत्रांच्या नावाखाली पैसे उकळू नयेत, हा नियम तेथे १ जून २०१९ पासूनच लागू आहे. ही अनामत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित ठेवण्याचे बंधन तर २००७ पासूनचे आहे. मुंबईत लाखांच्या ‘हेवी डिपॉझिट’ची सवय झालेल्या वाचकास हे नियम स्वप्नवत वाटतील.

परंतु आगाऊ भाड्याची वाट बंद करताना कायद्याने जामीनदाराची अट मात्र शाबूत ठेवली आहे. येथेच खरी मेख आहे. ज्याची आत्या बर्मिंगहॅमला आहे, ज्याच्या बापाचा व्यापारी मित्र हॅरोत आहे, त्याला जामीनदार मिळेल. ज्याचे त्या देशात कोणी नाही, त्याच्या हातातील एकमेव साधन, म्हणजे कर्ज काढून का होईना पण रोख मोजण्याचे साधन, काढून घेतले गेले आणि त्याच्या जागी दुसरे काही दिले गेले नाही. जामीनकी विकणाऱ्या खासगी कंपन्या आधीच बाजारात आहेत. त्यांचा धंदा आता भरभराटीस येईल. शोषणाचा एक दरवाजा बुजवला की भांडवल भिंतीत दुसरा पाडते, हा अनुभव नवा नाही. म्हणून आगाऊ भाड्याची बंदी चुकीची होती असा निष्कर्ष काढणे मात्र घरमालकांच्या संघटनांची री ओढणे ठरेल. बंदी योग्यच आहे. ती अपुरी आहे. नगरपालिकेने वा विद्यापीठाने जामीनदार व्हावे, अशी योजना कायद्यासोबतच यावयास हवी होती. काही विद्यापीठे आपल्या विद्यार्थ्यांपुरती ती चालवतात. मग जे शक्य आहे ते सक्तीचे का होऊ नये? आणि भाडे किती असावे यावर तर या कायद्यात कोणतीही कमाल मर्यादा नाही. वर्षातून एकदाच वाढ करता येईल, तिच्याविरुद्ध न्यायाधिकरणाकडे दाद मागता येईल. पण ते न्यायाधिकरणही बाजारभावाचेच माप लावणार. भाडेनियंत्रण हा शब्द उच्चारण्यास मजूर पक्षाच्या मंत्र्यांची जीभ अजून रेटत नाही.

याहून गंभीर गोष्ट अशी की दहा वर्षांपूर्वीचा एक कलंकित कायदा या सुधारणेच्या लाटेतही जागच्या जागी राहिला. २०१४ च्या इमिग्रेशन कायद्याने इंग्लंडमधील प्रत्येक घरमालकावर भाडेकरूचा वास्तव्याचा परवाना तपासण्याची सक्ती केली. ‘भाड्याने राहण्याचा हक्क’ असे साळसूद नाव या तपासणीला दिले गेले. प्रत्यक्षात तो हक्क हिरावण्याचाच कायदा आहे. १ फेब्रुवारी २०१६ पासून तो सबंध इंग्लंडभर लागू झाला. स्कॉटलंड आणि वेल्स त्यातून सुटले. परवाना नसलेल्यास घर दिल्यास घरमालकाला होणारा दंड फेब्रुवारी २०२४ पासून माणशी दहा हजार पौंडांपर्यंत आणि पुनरावृत्ती झाल्यास वीस हजारांपर्यंत वाढवण्यात आला. परिणाम काय व्हायचा तो झाला. दंडाच्या भीतीने घरमालक परक्या नावाच्या, परक्या उच्चाराच्या माणसाला दारातूनच वाटेला लावू लागले. मग त्याचे कागद कितीही बिनचूक असोत. स्थलांतरितांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने न्यायालयात दाद मागितली. मार्च २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने या योजनेमुळे वांशिक भेदभाव होतो असा निर्वाळा देऊन ती मानवी हक्कांशी विसंगत ठरवली. एप्रिल २०२० मध्ये अपील न्यायालयाने भेदभाव होतो हे नाकारले नाही. तरीही सार्वजनिक हितास्तव योजना समर्थनीय असल्याचे सांगून तो निकाल फिरवला. कायद्याने भेदभाव घडतो हे मान्य, आणि तरीही कायदा मान्य! उदारमतवादी लोकशाहीच्या न्यायबुद्धीचे हे अलीकडचे दर्शन अभ्यासकांनी जपून ठेवावे.

ब्रिटनमध्ये नवागताला दारातून परतवण्याची परंपरा जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर वेस्ट इंडीज, पंजाब, गुजरात येथून जे श्रमिक तेथे गेले, ते आमंत्रणावाचून गेले नव्हते. बसगाड्या, ओतशाळा, कापडगिरण्या आणि इस्पितळे चालवायला त्या देशाला हात हवे होते. हात हवे होते, माणसे नको होती. खोली भाड्याने असल्याच्या पाटीखाली ‘काळ्यांना नाही’ अशी ओळ उघडपणे लिहिली जात असे. १९६५ च्या वंशभेदविरोधी कायद्याने हॉटेले व सार्वजनिक जागा यांच्यापुरतीच मुख्यतः दखल घेतली. १९६७ साली एका संशोधन संस्थेने एकाच खोलीसाठी वेस्ट इंडियन, हंगेरियन आणि इंग्रज अशा तिघांना पाळीपाळीने पाठवून पाहिले, तेव्हा गोऱ्या परकीयाला उघडणारे दार काळ्याला बंद होते याचा लेखी पुरावाच हाती आला. १९६८ च्या दुसऱ्या कायद्यात घर आणि नोकरी यांचा समावेश झाला तो त्यानंतर.

या बंद दारांच्या भोवतीच रॅचमनसारखी माणसे श्रीमंत झाली. पीटर रॅचमन हा लंडनच्या नॉटिंग हिल भागातील घरमालक स्वतः पोलंडमधून आलेला निर्वासित होता. १९५७ च्या कायद्याने भाडेनियंत्रण सैल केल्यावर जुन्या भाडेकरूंना हुसकावून लावायचे आणि ज्यांना इतर कोणी उभे करीत नाही अशा वेस्ट इंडियनांना त्याच खोल्या चढ्या भावाने द्यायच्या, हा त्याचा व्यवहार होता. तो १९६२ साली वारला, पण त्याच्या नावाचा शब्द इंग्रजी भाषेत शिरला. वंशद्वेष हा निव्वळ अज्ञानातून येतो असे समजणाऱ्या सज्जनांनी हे उदाहरण ध्यानात घ्यावे. द्वेष भाव वाढवतो; आणि भाव वाढवणारी गोष्ट बाजार सहजासहजी मरू देत नाही. वेस्ट इंडियन श्रमिकांनी यावर जो तोड काढला तो मराठी माणसास सहज समजेल. ‘पार्डनर’ या नावाने ते दर आठवड्याला ठरावीक रक्कम एकत्र करीत आणि आळीपाळीने एकेकाला ती उचलू देत. बँक कर्ज देत नव्हती, तेव्हा या पैशातून घराचा पहिला हप्ता उभा राहिला. म्हणजे आपली भिशीच!

त्या काळी या सर्वांना एक आशा होती, ती नगरपालिकेच्या घरांची. पुढे तीही आटली. १९८० च्या कायद्याने थॅचर सरकारने ही सार्वजनिक घरे त्यांतील भाडेकरूंना सवलतीत विकण्याचा सपाटा लावला. आजवर एकट्या इंग्लंडमध्ये सुमारे वीस लाख घरे अशी विकली गेली. विकत घेणाऱ्या कामगार कुटुंबाचा आनंद खोटा नव्हता, आणि त्याला दोष देण्याचेही कारण नाही. पण विकलेल्या घराच्या जागी नवे बांधू दिले गेले नाही. तीच घरे पुढे अनेक ठिकाणी खासगी घरमालकांच्या हाती गेली आणि एके काळी नगरपालिकेने स्वस्तात दिलेल्या खोलीसाठी आज नवागत विद्यार्थी दुप्पट-तिप्पट भाडे मोजत आहे. घरटंचाईचे खापर स्थलांतरितांवर फोडणाऱ्यांना हा इतिहास आठवत नाही, किंवा आठवून सोयीचा नसतो.

सार्वजनिक म्हणवणारे घर मिळाले तरी परकेपण सुटते असे नाही. मँचेस्टरजवळच्या रॉचडेल गावी डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हे दोन वर्षांचे बालक भिंतींवरील बुरशीमुळे श्वसनविकार होऊन मरण पावले. त्याचे आईबाप सुदानहून आलेले. बापाने बुरशीबद्दल वारंवार तक्रार केली होती. घराची दुरुस्ती करण्याऐवजी या कुटुंबाच्या आंघोळीच्या चालीरीतींमुळे घरात ओल येते, असे गृहसंस्थेने गृहीत धरले होते. आपले ते गृहीत चुकले, ही कबुली मृत्यूची चौकशी झाल्यावर आली. या बालकाच्या नावाने ओळखला जाणारा नियम आता झाला आहे. ठरावीक मुदतीत ओल व बुरशी दूर करण्याचे बंधन ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक गृहसंस्थांवर आले आणि नव्या कायद्याने ते खासगी घरमालकांपर्यंत नेण्याची तरतूद केली. परदेशी गेलेल्या प्रत्येक मुलीने, खोलीतली ओल ही स्वयंपाकातल्या फोडणीमुळे येते असे घरमालक सांगू लागला की, हे प्रकरण आठवावे आणि तक्रार लेखी करावी.

आता थोडे आपल्याच माणसांविषयी. पहिल्या आठवड्यात सगळी दारे बंद झाली की नवागत ‘आपला माणूस’ शोधतो. हा आपला माणूस मराठी बोलतो, चहा पाजतो, आणि तीन खोल्यांच्या घरात दहा गाद्या टाकून प्रत्येक गादीचे भाडे रोखीने घेतो. पावती नाही, करार नाही, अनामतीची नोंद नाही. वेगवेगळ्या कुटुंबांतील पाच किंवा अधिक माणसे एका घरात ठेवायची तर नगरपालिकेचा परवाना लागतो, हे भाडेकरूला ठाऊक नसते आणि मालकाला पक्के ठाऊक असते. असा परवाना नसेल तर भरलेले भाडे परत मागण्याचा अधिकार भाडेकरूला आहे; पूर्वी ही मागणी बारा महिन्यांच्या भाड्यापर्यंत करता येत असे, नव्या कायद्याने ती चोवीस महिन्यांपर्यंत नेली. पण ज्याने पहिल्या रात्री आसरा दिला त्याच्याविरुद्ध अर्ज करावयास मन धजत नाही, आणि गावाकडे बोभाटा होईल ही धास्ती वेगळीच. भाषेच्या आणि जातीच्या आपुलकीआड वर्गीय नाते किती बेमालूम लपते, याचा धडा घेण्यास यापेक्षा चांगली शाळा नसेल. गोरा दलाल नकार देऊन लुबाडतो. आपला माणूस होकार देऊन.

आणि हा जो मुलगा तेथे नावावरून नाकारला गेल्याचे दुःख दूरध्वनीवर आईवडिलांना सांगतो, त्याच्या आईवडिलांचे पुण्यात किंवा नाशकात एखादे दुसरे घर असेल तर ते कोणाला भाड्याने दिले जाते? आडनाव विचारूनच ना? मुसलमान नको, मांसाहारी नको, एकटी राहणारी स्त्री नको, आणि ज्यांचे नाव न घेता ‘आपल्यात बसणारे हवेत’ असे म्हटले जाते ते तर नकोतच. मुंबईच्या काही सोसायट्यांत मासे खाणारा मराठी माणूसही नको असतो. तेव्हा मात्र अस्मितेचा डंका वाजतो. तत्त्व तेच असले तरी झळ स्वतःला लागेपर्यंत ते दिसत नाही. भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते येथे भेदभावाला बंदी केली. खासगी घरभाड्याचा उल्लेख त्यात नाही, आणि तो अंतर भरून काढणारा सर्वसमावेशक कायदा संसदेने आजतागायत केलेला नाही. उलट २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने समाजापुरते सदस्यत्व मर्यादित ठेवणारा उपविधी वैध ठरवला. १९६८ सालीच ब्रिटनने जे कायद्याच्या कक्षेत आणले, तेथवर आपण अजून पोहोचलेलो नाही.

या बाबतीत महाराष्ट्राच्या स्मृतीत एक प्रसंग कोरलेला असावयास हवा. न्यूयॉर्क आणि लंडन येथे राहून, शिकून डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. परक्या देशांत डोक्यावर छप्पर मिळालेल्या या विद्वानाला स्वदेशी एक खोली मिळेना. पारशी पथिकाश्रमात पारशी नाव लावून त्यांनी अकरा दिवस काढले. मग लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. हिंदू मित्राने आणि ख्रिस्ती मित्राने, दोघांनीही काही ना काही सबब सांगितली. सार्वजनिक बागेत बसून वेळ काढल्यावर ते मुंबईच्या गाडीने परतले. पुढे १९२१-२२ मध्ये ते लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरात राहिले, ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेऊन स्मारक केले. घर घेतले हे उत्तम झाले. बडोद्यात जे नाकारले गेले ते आज पुण्या-मुंबईत नाकारले जाऊ नये यासाठी त्याच शासनाने कोणता कायदा केला, एवढेच विचारावयाचे आहे. स्पर्धा परीक्षांसाठी पुण्यात आलेली खेड्यापाड्यांतील मुले ‘कॉट बेसिस’वर जेथे राहतात, तेथे ना करार असतो, ना पावती. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने लेखी, नोंदणीकृत करार बंधनकारक केला आहे आणि तो न करण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. कॉटवाल्या मुलाला हे सांगणार कोण? अकरा महिन्यांचा ‘लीव्ह अँड लायसन्स’चा कागद झालाच तर मुदत संपताच त्याला निवारण उरत नाही. इंग्लंडमधील जे कलम नुकतेच रद्द झाले, त्याहून ही स्थिती फारशी निराळी नाही.

भाडेकरूंचा लढा एका देशातून दुसऱ्या देशात कसा पोहोचतो, याचे एक जुने उदाहरण येथे द्यावयास हवे. पहिल्या महायुद्धात ग्लासगोच्या गोद्यांत आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामगारांची रीघ लागली, तशी घरमालकांनी भाडी वाढवली. गोव्हन भागातील मेरी बार्बर हिच्या पुढाकाराने कामगारांच्या बायकांनी वाढीव भाडे देण्याचे नाकारले. जप्तीसाठी येणाऱ्या बेलिफाची चाहूल लागताच घंटा वाजायची, आणि गल्लीतल्या बायका हातातले पीठ, चिखल घेऊन जिन्यात उभ्या राहायच्या. नोव्हेंबर १९१५ पर्यंत सुमारे वीस हजार कुटुंबे या संपात उतरली. गोदीकामगारांनीही काम बंद ठेवण्याची धमकी दिली. पुढच्याच महिन्यात पार्लमेंटने भाडी युद्धपूर्व पातळीवर गोठवली. अशाच युद्धकालीन भाडेवाढीने मुंबई हैराण झाली असता १९१८ साली येथे भाडेनिर्बंधाचा पहिला कायदा आला आणि त्याच वाटेने पुढे १९४७ चा मुंबई भाडेकायदा झाला. गिरणगावातल्या कित्येक पिढ्या ज्या संरक्षणाखाली राहिल्या, त्याचे एक मूळ ग्लासगोच्या जिन्यांत पीठ घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांत आहे.

संरक्षण कायद्याने दिले. आसरा मात्र माणसांनी एकमेकांना दिला. कोकणातून आलेला गिरणी कामगार मुंबईत उतरला तो गावकीच्या खोलीत. गावच्या मंडळाने चाळीत घेतलेली ती खोली; पाळीनुसार कोणी दिवसा झोपायचा, कोणी रात्री, आणि जेवण खानावळवाल्या बाईकडे. गोव्याहून जहाजावर नोकरीसाठी आलेल्या तरुणासाठी धोबी तलावाच्या आसपास गावोगावचे ‘कुड’ होते. तेथे अल्प वर्गणीत खाट आणि पेटी ठेवावयास जागा मिळे. या व्यवस्थेत दाटी होती, जातीची आणि गावाची कुंपणे होती, स्त्रियांना तर तेथे जागाच नव्हती. त्यांचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. पण नवा माणूस पहिल्या रात्री दलालाच्या हाती पडत नसे, ही त्यांची मोलाची बाजू होती. लंडनला महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. इतरही शहरांत मंडळे आहेत, गणेशोत्सव दणक्यात होतात, ढोलताशांची पथके सज्ज असतात. ज्यांना पथक उभे करता येते त्यांना सामुदायिक जामीनकीचा निधी उभा करता येणार नाही काय? शंभर स्थायिक कुटुंबांनी जबाबदारी वाटून घेतली तर प्रत्येकावर येणारा बोजा किरकोळ आहे. तो निधी जात, गाव आणि ओळख न विचारता चालावा, एवढी अट त्यास हवी.

येथे पक्षाच्या कार्यकर्त्यांपुढेही काम आहे. तालुक्यातून परदेशी जाणाऱ्या मुलामुलींची यादी करणे अवघड नाही. न पाहिलेल्या खोलीसाठी कोणालाही पैसे पाठवू नका, अनामत कोणत्या योजनेत ठेवली त्याचा लेखी दाखला मागा, पहिल्याच महिन्यात तेथील भाडेकरू संघटनेचे सभासद व्हा, या तीन गोष्टी निघण्यापूर्वी घरी जाऊन सांगता येतात. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर जाणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना निर्वाहभत्त्याचा हप्ता तेथे पोहोचून कागदपत्रे पाठवल्यावरच मिळणार असेल, तर पाच आठवड्यांची अनामत आणि पहिले भाडे त्यांनी कोठून भरावे? ही रक्कम निघण्यापूर्वी हातात पडली पाहिजे आणि जेथे जामीनदार लागतो तेथे शासनाने उच्चायुक्तालयामार्फत हमी दिली पाहिजे, ही मागणी सामाजिक न्याय खात्याकडे जिल्ह्याजिल्ह्यातून जावयास हवी.

किंग हेन्रीज रोडवरील ते घर तर राज्याच्याच मालकीचे आहे. संग्रहालय म्हणून वापरण्यास स्थानिक नगरपालिकेने हरकत घेतली होती, ती २०२० मध्ये तेथील मंत्र्यांच्या आदेशाने दूर झाली. त्या घरात, किंवा नियम आड येत असतील तर जवळच्या एखाद्या भाड्याच्या जागेत, आठवड्यातून एक संध्याकाळ नवागतांचे भाडेकरार तपासून देणारा वकील बसवण्यास वर्षाकाठी जो खर्च येईल, तो एखाद्या मंत्र्याच्या एका परदेश दौऱ्याहून अधिक होणार नाही.